लाड नव्हेत, ताई

ताई, आमच्या नर्सिंगच्या आदिवासी मुलींना आम्ही मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक सीनियर, जोडून देतो, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, ‘आम्हाला कुणी मेंटॉर दिला नव्हता. रडलो, बोलणी खाल्ली, शिकलो. आदिवासी मुलींचे एवढे लाड केलेत, तर नाइटला वॉर्डात एकट्या पडल्यावर काय करतील?’ आयुष्यभर ड्युटी केलेल्या बाईचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नंदुरबारमधल्या धडगावकडची एक मुलगी, जीएनएम म्हणजे नर्सिंग डिप्लोमाचं पहिलं वर्ष. घरी पावरी बोली, आश्रमशाळेत मराठी, आणि इथे आल्याआल्या ॲनाटॉमी इंग्रजीत. एका सकाळी तिच्या ट्रेमध्ये मिलीला ४० युनिटवाली इन्सुलिनची वायल (बाटली) आणि नारिंगी टोपीची सिरिंज आली. तुम्हाला सांगायला नको, नारिंगी टोपी मिलीला १०० युनिटवाल्या इन्सुलिनची. ४० ला लाल टोपीची लागते. २० युनिट म्हणून तिने २० च्या रेघेपर्यंत भरलं असतं, तर पेशंटला जेमतेम ८ युनिट गेलं असतं. टोपीचा रंग वेगळा आहे हे तिला दिसलं होतं! पण आदल्याच आठवड्यात राउंडला तिच्या उच्चारावर सगळे हसले होते. ती गप्प राहिली. शेजारच्या सिस्टरने पाहिलं म्हणून निभावलं.

लहानपणापासून घर सोडून राहिलेल्या या पोरीला चिकाटी आपण काय शिकवणार? आम्ही तिला तिसऱ्या वर्षाची एक सीनियर जोडून दिली. रात्री जेवण झालं की अर्धा तास, वॉर्डात जे विचारायचं राहिलं ते तिला विचारायचं. दोनेक महिन्यांत ती भर राउंडला माझ्याकडून डोस पुन्हा वदवून घ्यायला लागली. नाइटला मला अशीच नर्स हवी, अंदाजाने देणारी नको.

आणि ताई, तुम्हीच पुढे लिहिलंय की तुमच्या मावशी त्याच दवाखान्यात स्टाफ होत्या. मग तुम्हाला कुणी नव्हतं कसं? रमाबाई रानड्यांच्या सेवासदन संस्थेने पुण्यातल्या विधवांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा त्यांच्या राहण्याचीही सोय केली. ज्यांची मावशी आधी तिथे नसते, त्यांच्यासाठी हे कुणीतरी करावंच लागतं.

एक मात्र तुमचं खरं. बऱ्याच ठिकाणी मेंटॉरशिप म्हणजे नुसतं रजिस्टर, महिनाअखेरीला एका बैठकीत सगळ्या सह्या. आमच्याकडेही काही जोड्यांचं तसंच झालं, आणि मला ते वेळेवर कळलं नाही.