'बोलपट आला आणि सुलोचना संपली' हे खरं नाही

गेल्या काही दिवसांत एकच मजकूर मला तीन जणांनी पाठवला. शेवटचा आमच्या मामांनी, 'तुझ्या आवडीचा विषय आहे, वाच' असं लिहून. मजकूर असा: 'रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना ही भारताची पहिली सिनेनटी. तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षाही जास्त होता. पण १९३१ साली "आलम आरा" हा पहिला बोलपट आला, तिला हिंदी बोलता येत नव्हतं, आणि एका रात्रीत तिची कारकीर्द संपली. पुढे तिला कुणी विचारलंही नाही. विस्मृतीतच ती गेली.' खाली एका डोक्यावर पदर घेतलेल्या बाईंचा कृष्णधवल फोटो.

लिहिणाऱ्याला तिच्याबद्दल कळवळा आहे, हे दिसतं. पण या कळवळ्याच्या भरात त्याने तिची सगळ्यात मोठी कमाईच पुसून टाकली आहे. म्हणून मामांना दोन ओळींत उत्तर न देता सविस्तर लिहिते आहे.

आधी फोटोचं. तो सुलोचना लाटकरांचा आहे, आपल्या सुलोचनादीदींचा. मराठी घरात 'सुलोचना' म्हटलं की त्यांचाच चेहरा डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे चूक कशी झाली ते कळतं. पण दीदींचा जन्म १९२८चा, आणि त्याच वर्षी रूबी मायर्सचे 'माधुरी' आणि 'अनारकली' पडद्यावर आले होते. दोघींमध्ये एका पिढीचं अंतर आहे.

'पहिली सिनेनटी' हे विधान निदान मराठी माणसाने तरी पुढे पाठवायला नको होतं. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, कारण दादासाहेब फाळक्यांना त्या कामाला बाई मिळेना. पण १९१३च्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. याच कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. रूबी तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती.

आता गव्हर्नरचा पगार. तो काही गुपित नव्हता, कायद्याच्या परिशिष्टातच छापलेला होता. १९१९च्या कायद्याने मुंबईच्या गव्हर्नरला वर्षाला १,२८,००० रुपयांपर्यंत पगार ठरवला होता, १९३५च्या कायद्याने १,२०,०००. म्हणजे महिना किमान दहा हजार. सुलोचनाच्या पगाराचा जो आकडा सगळीकडे सांगितला जातो, तो महिना ५,०००. गव्हर्नरच्या निम्मा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करणारी मुलगी काही वर्षांत प्रांताच्या गव्हर्नरच्या निम्म्या पगारावर पोचते, यात कौतुक करण्यासारखं पुरेसं आहे. ते दुप्पट करून सांगायची गरज कुणाला का वाटावी?

खरा मुद्दा पुढचाच. बोलपट आला, भाषा येत नव्हती, संपली.

यातली एक गोष्ट खरी आहे. हिंदुस्थानी ही तिची घरची भाषा नव्हती. रूबीचा जन्म १९०७चा, पुण्याचा, बगदादी ज्यू कुटुंबातला. आपल्या कोकणातले बेने इस्रायल वेगळे, त्यांच्या घरात मराठी नांदते. बगदादी ज्यू व्यापाराच्या निमित्ताने इराककडून आलेले. पुण्यातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधणारे डेव्हिड ससून त्यांच्यातलेच. या लोकांत आधी अरबी चालायची, मग इंग्रजी. रूबी टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमासाठी विचारलं तेव्हा तिने आधी साफ नाही म्हटलं, कारण सिनेमात काम करणाऱ्या बाईकडे लोक कसे बघत हे तिला माहीत होतं. भवनानींनी पाठ सोडली नाही. १९२५च्या 'वीर बाला'पासून ती पडद्यावर आली आणि सुलोचना झाली.

मूकपटात ती काय होती याचा अंदाज यावा म्हणून एकच उदाहरण देते. १९२७च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये तिने आठ रूपं वठवली. त्यात माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता, रस्त्यावरचं उनाड पोर, सोनेरी केसांची मड्डम आणि केळी विकणारी म्हातारीसुद्धा. यातल्या एकालाही तोंडाने एक शब्द बोलायचा नव्हता. म्हातारी खांदा कसा पाडते, पोलीस पाय कसा टाकतो, एवढ्यावरच प्रेक्षकाला माणूस ओळखू यायला हवा. ज्या बाईने हे पेललं, तिला 'केवळ सुंदर होती म्हणून चालली' असं म्हणणारेही आहेत. त्यांनी आरशासमोर उभं राहून शब्दाविना नुसती ती केळीवाली करून पाहावी.

आणि मग आला 'आलम आरा'. १४ मार्च १९३१, गिरगावचं मॅजेस्टिक थिएटर. चित्रपट होता आर्देशिर इराणींच्या इम्पीरियल कंपनीचा, म्हणजे सुलोचना ज्या कंपनीची सर्वांत मोठी तारका होती तिचाच. नायिकेचं काम मात्र जुबेदाला मिळालं. भाषेमुळे सुलोचनाचं नाव मागे पडलं असं सांगतात, आणि मला ते पटतं.

पण त्याच चित्रपटाच्या नायकाची गोष्ट मजकुरात का नाही? नायक होता आपला मास्टर विठ्ठल. मूकपटांत तलवारबाजी आणि मारधाडीने त्याने थिएटरं दणाणून सोडली होती. तो शारदा स्टुडिओशी करारबद्ध असताना इम्पीरियलकडे आला, त्यावरून प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याची बाजू बॅरिस्टर जिनांनी लढवली. एवढा खटाटोप करून आणलेल्या नायकाला हिंदुस्थानी संवाद नीट जमेनात. मग त्याचं पात्र बराच वेळ जवळजवळ मुकं ठेवून वेळ मारून नेली. म्हणजे भाषेची अडचण दोघांचीही. नायकासाठी पात्र बदललं गेलं. नायिका बदलली गेली. आणि नव्वद वर्षांनी 'भाषा येत नव्हती म्हणून संपली' असा मजकूर फिरतो तो फक्त बाईचा. मला याचा मनापासून राग येतो.

बोलपटात उतरायचं म्हणजे तेव्हा काय करावं लागे, तेही पाहा. 'आलम आरा'चं बरंचसं चित्रीकरण मध्यरात्रीनंतर झालं, कारण स्टुडिओजवळून आगगाड्या जात आणि त्यांचा खडखडाट चित्रपटात उतरे. मायक्रोफोन नटांच्या जवळपास कुठेतरी लपवलेले. आवाज त्याच क्षणी, त्याच फिल्मवर. नंतर स्टुडिओत बसून उच्चार दुरुस्त करण्याची सोय नाही. पार्श्वगायन १९३५पर्यंत आलंच नव्हतं, त्यामुळे गाणंही ज्याचं त्यानेच म्हणायचं. अशा वेळी चुकीचा 'ख' किंवा अडखळलेला शेर कुठेच लपत नसे.

सुलोचनाने एक वर्ष काम बाजूला ठेवलं आणि हिंदुस्थानी शिकली. वयाची पंचविशी आलेली, देशातली सर्वांत लोकप्रिय नटी, आणि ती पुन्हा बाराखडीपासून बसली. एक वर्ष पडद्यावरून गायब होणं म्हणजे त्या धंद्यात आपली जागा दुसऱ्याच्या हवाली करणं. तिने तो धोका पत्करला. १९३२ साली ती परत आली ती 'माधुरी' या बोलपटातून, म्हणजे आपल्याच गाजलेल्या मूकपटाच्या बोलत्या रूपातून.

त्यानंतर तिने एकेक करून आपले मूकपट बोलते केले. 'इंदिरा बी.ए.' हा १९२९चा मूकपट १९३४ साली 'इंदिरा एम.ए.' झाला, मधल्या काळात इंदिरा एक परीक्षा पुढे गेली! १९३५ साली 'अनारकली' पुन्हा आला आणि १९३६ साली 'वाइल्डकॅट'ची 'बंबई की बिल्ली' झाली. बरोबर नायक डी. बिलिमोरिया, आणि ही जोडी तीसचं दशक संपेपर्यंत टिकली. याच दशकात तिने रूबी पिक्स ही स्वतःची चित्रसंस्थाही काढली. एका रात्रीत संपलेल्या नटीच्या नावावर हे सगळं कुठून येईल?

शिवाय पडद्यावरच्या आवाजाशी तिची गाठ 'माधुरी'च्या आधीच पडली होती. महात्मा गांधींनी एका खादी प्रदर्शनाचं उद्घाटन केलं, त्यावरचा छोटा चित्रपट दाखवताना त्याला मूक 'माधुरी'मधलं तिचं गाजलेलं नृत्य ध्वनीची साथ देऊन जोडलं होतं. गांधीजींच्या चित्रपटाला गर्दी खेचायला सुलोचनाचा नाच! लोकप्रियतेचा याहून मोठा दाखला मला तरी दुसरा सापडत नाही.

मग उतरती कळा लागली ती कधी? दशकाच्या शेवटी. १९३८ साली इम्पीरियल बंद पडली आणि तिच्या हक्काचं घर गेलं. एव्हाना शांता आपटे, देविका राणी, लीला चिटणीस, दुर्गा खोटे यांनी पडदा व्यापला होता. प्रभात आणि बॉम्बे टॉकीजने चित्रपटाची चवच बदलली होती. तिशी उलटलेल्या नायिकेला आपला सिनेमा आजही फार काळ थारा देत नाही, तेव्हा तर विचारूच नका. हे कारण साधं आहे, आणि त्यात बोलपटाचा काही संबंध नाही.

आता राहिलं 'कुणी विचारलं नाही'. १९४७च्या 'जुगनू'मध्ये ती होती. एक वयस्क प्राध्यापक तिच्या प्रेमात पडतो हे मोरारजी देसाईंना इतकं खटकलं की मुंबई इलाख्यात चित्रपटावर बंदी आली. १९७३चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिचा. देविका राणींनंतर हा पुरस्कार मिळालेली ती दुसरी स्त्री. १० ऑक्टोबर १९८३ रोजी मुंबईत ती गेली.

विस्मृतीत गेलेच असतील तर ते तिचे चित्रपट. आपल्याकडे सुमारे १,३०० मूकपट तयार झाले आणि त्यांतले मोजकेच उरले. ती केळीवाली म्हातारी आज कुणालाही पाहता येत नाही, आणि हळहळायचंच असेल तर यासाठी हळहळावं.

पण १९५३चा 'अनारकली' सहज पाहायला मिळतो. बीना राय अनारकली, प्रदीप कुमार सलीम. १९२८ आणि १९३५ साली जी स्वतः अनारकली होती, ती यात सलीमची आई झाली आहे. मामा, या रविवारी तो लावा, आणि ती पडद्यावर आली की आवाज थोडा वाढवा.