जुना डेटा लॉगर भंगारात काढण्याआधी : फिरत्या मेसेजला उत्तर

वरूड-मोर्शी पट्ट्यात शीतगृहं, संत्र्याची पॅकिंग हाउसं आणि दालमिल चालवणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : नव्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट येत नाही, म्हणून जुने डेटा लॉगर (तापमानासारख्या नोंदी ठराविक वेळाने आपोआप साठवणारी यंत्रं) निकामी झाले. यूएसबी कन्व्हर्टर विंडोज १० वर चालत नाही. वायर पन्नास फुटांपुढे नेता येत नाही. सिरियल फार हळू आहे, शिवाय त्याने लॅपटॉप जळतो. कंपनीचं सॉफ्टवेअर हरवलं तर डेटाही गेला. तेव्हा जुनं काढा आणि वाय-फायवाला क्लाउड लॉगर बसवा.

आंबिया बहाराच्या तोंडावर हे वाचून लोक चांगली यंत्रं काढायला निघालेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पोर्टचं आधी. सिरियलचं नऊ पिनांचं सॉकेट लॅपटॉपवरून गेलं, हे खरं आहे. पण सिरियल जोडणीची दोन मानकं आहेत : आरएस-२३२ हे १९६० चं, आरएस-४८५ हे १९८३ चं, आणि त्यावर बहुतेक लॉगर बोलण्याची जी मॉडबस पद्धत वापरतात ती १९७९ ची. यातलं काहीही बंद पडलेलं नाही. या वर्षी घेतलेल्या व्हीएफडीचं (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचं) किंवा एनर्जी मीटरचं झाकण उघडून बघा. ए आणि बी लिहिलेली दोन टर्मिनलं बहुधा दिसतील. ती आरएस-४८५ चीच.

कन्व्हर्टरचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण एरर येते हे खोटं नाही. बाजारातल्या कितीतरी स्वस्त कन्व्हर्टरमध्ये प्रॉलिफिकची जुनी पीएल-२३०३ चिप किंवा तिची नक्कल असते. या चिपच्या जुन्या एचएक्सए आणि एक्सए आवृत्त्यांना विंडोज ८ पासून पुढे आधार द्यायचा नाही, असं खुद्द कंपनीनेच ठरवलं. त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि ‘कोड १०’ दिसतो. यात लॉगरचा दोष नाही, विंडोजचाही नाही. आतली चिप विचारून अस्सल एफटीडीआयचा किंवा साधा सीएच-३४० चा कन्व्हर्टर घ्या, विंडोज १० आणि ११ दोन्हींवर चालतो.

घेताना आणखी एक बघा. काही कन्व्हर्टर टीटीएलचे असतात, ३.३ किंवा ५ व्होल्टवर चालणारे. आरएस-२३२ मध्ये तार उणे-अधिक १५ व्होल्टपर्यंत जाते. दोघांची गाठ घातली की कन्व्हर्टर जातो, आणि मग ‘सिरियल चालत नाही’ अशी आणखी एक गोष्ट गावभर होते.

कन्व्हर्टर बरा आहे का, हे लॉगरशिवाय तपासता येतं. आरएस-२३२ च्या सॉकेटमधली २ आणि ३ नंबरची पिन छोट्या तारेने जोडा, पुट्टीसारखा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा आणि काहीही टाइप करा. तीच अक्षरं स्क्रीनवर परत उमटली तर कन्व्हर्टर, ड्रायव्हर आणि कॉम नंबर (विंडोज पोर्टला देते तो क्रमांक) तिन्ही ठीक. त्यानंतरही लॉगर गप्प असेल तर केबल सरळ आहे की २-३ उलटवलेली, ते बघा. पाचवी पिन ग्राउंडची, ती दोन्हीकडे हवीच. मग बॉड रेट (डेटा जाण्याचा वेग), डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट हे चारही लॉगरच्या मेनूत आहेत तसेच कॉम्प्युटरवर भरा. एकही चुकला तर उत्तर येत नाही किंवा कचरा अक्षरं येतात. आणि यूएसबीचं भोक बदललं की विंडोज कधी कधी कॉम३ चा कॉम११ करते. जुन्या सॉफ्टवेअरला दोन आकडी कॉम बहुधा दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजरच्या अ‍ॅडव्हान्स्ड खिडकीत नंबर खाली आणला की काम होतं.

पन्नास फुटांची अट आरएस-२३२ च्या १९६९ च्या आवृत्तीतली आहे. पुढच्या आवृत्त्यांनी लांबीऐवजी केबलच्या कपॅसिटन्सची (विद्युतभार धरून ठेवण्याच्या क्षमतेची) मर्यादा घातली. आणि अंतर खरंच मोठं असेल तर आरएस-४८५ वापरायचं. त्यात दोन तारांमधल्या व्होल्टेजचा फरक वाचला जातो. कॉम्प्रेसरच्या मोटरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, त्यामुळे फरक तेवढाच राहतो. पिळलेल्या जोडीच्या केबलवर, कमी वेगात, ही लाइन १२०० मीटरपर्यंत जाते. चेंबरपासून ऑफिसपर्यंत कुणाला इतकी वायर लागते? फक्त लाइन एका यंत्रावरून दुसऱ्यावर अशी ओळीने न्या, मधून फाटे फोडू नका, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा. ए-बीची नावं कंपन्या उलटसुलट लिहितात. उत्तर आलं नाही तर तारा अदलाबदल करून बघा, त्याने काही जळत नाही.

हळू? ९६०० बॉडवर सेकंदाला सुमारे ९६० बाइट जातात. आठ सेन्सरची दर पाच मिनिटांनी नोंद घेतली तर तेरा दिवसांत साधारण ३०,००० नोंदी होतात. एका नोंदीला दोन बाइट धरले तर सगळा डेटा मिनिटभरात, फार तर दोन-तीन मिनिटांत उतरतो.

लॅपटॉप जळण्याची भीती मात्र खरी आहे, आणि मेसेजमधला हा एकच मुद्दा मी गांभीर्याने घेतो. आपली काळी माती मे महिन्यात वाळून फाटते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते आणि अर्थचा रोध वाढतो. पॅनलचा अर्थ आणि ऑफिसचा अर्थ यांत व्होल्टेजचा फरक पडला की तो डेटा केबलमधूनच वाहायला बघतो. त्यात रोहिणी-मृगाच्या विजा. उपाय आहे : आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्या, ज्यात दोन्ही बाजूंचा थेट विद्युत संबंधच नसतो. साध्यापेक्षा तो महाग पडतो, पण लॅपटॉपपेक्षा पुष्कळ स्वस्त. अर्थपिटमध्ये उन्हाळाभर पाणी घाला आणि वादळात केबल काढून ठेवा. वाय-फायच्या लॉगरलाही वीज आणि सेन्सरच्या तारा लागतातच, त्यामुळे हा धोका त्यालाही पूर्ण टळत नाही.

सॉफ्टवेअरची सीडी हरवली म्हणून डेटा जात नाही. लॉगर मॉडबस बोलत असेल तर मॅन्युअलमधला रजिस्टरचा (कोणती नोंद कुठल्या पत्त्यावर आहे त्याचा) तक्ता आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतली दहा-पंधरा ओळींची फाइल पुरते. दोन जागी माणसं अडकतात. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं असतं, पण तारेवरून पत्ता ० जातो. आणि आकडा बहुधा दहापट येतो : ६७ म्हणजे ६.७ अंश. शून्याखाली गेलं की ६५५३१ असलं काहीतरी दिसतं. लॉगर बिघडलेला नसतो. त्यातून ६५५३६ वजा करा, उणे ५ येतात, म्हणजे उणे ०.५ अंश. ज्यांचा लॉगर कंपनीची स्वतःची बंद पद्धत वापरतो, त्यांना मात्र मूळ सॉफ्टवेअर लागेल. त्यांनी ते आजच पेनड्राइव्हवर जपून ठेवावं.

क्लाउडला माझा विरोध नाही. रेंज चांगली असेल, मालक नागपुरात राहत असेल, तर जरूर घ्या. पण जिथे पावसाची सर आली की टॉवर जातो, तिथे स्वतःच्या मेमरीत नोंद ठेवणारा जुना लॉगरच भरवशाचा आहे.

लॉगर खरोखर म्हातारा झालाय का, ते ठरवायची परीक्षा वेगळी आहे. पीटी-१०० हा तापमानाचा सेन्सर काढा आणि त्याच्या जागी अचूक १०० ओहमचा रेझिस्टर लावा. तीन तारांचा सेन्सर असेल तर एकाच रंगाच्या दोन तारांची दोन्ही टर्मिनलं रेझिस्टरच्या एका टोकाला जोडा. लॉगरने ० अंश दाखवायला हवं. पाव-अर्ध्या अंशाचा फरक मेनूतल्या ऑफसेटने भरून निघतो. आकडा मिनिटामिनिटाला सरकत असेल, तर तो लॉगर बदला.