आईच्या कुरडया

आज सकाळी आईने गच्चीवरची बाज खाली आणायला सांगितली. "यंदा कुरडया वर नाही घालायच्या. खोलीतच पंख्याखाली वाळवू." ती सहज बोलून गेली. माझं मात्र दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

तीन दिवस गहू भिजवायचा, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा, गरम गरम सोऱ्यातून पाडायचा. मागच्या वर्षी एवढं सगळं करून संध्याकाळी ती गोळा करायला गेली, तर पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर काळे कण. फुंकले तर उडेनात, झटकले तर पसरले. तिने एकही फेकली नाही. कोरडं फडकं घेऊन एकेक पुसत बसली.

"जालना, सोने का पालना" ऐकत मोठे झालेलो आम्ही. सळईचं गाव म्हणून बाहेर मिरवलोही. सळईसाठी लोखंडी भंगार वितळवतात; ते भट्टीत पडलं की त्यावरचं तेल, रंग जळून धूर उठतो. तो भट्टीवरच्या झाकणीने, म्हणजे हुडने, ओढून बॅग फिल्टरमधून, म्हणजे काजळी अडवणाऱ्या कापडी पिशव्यांतून, न्यायचा असतो. त्याला वीज लागते, पिशव्या बदलायला पैसा लागतो. आमच्या घरामागच्या एका कारखान्यात रात्री दहानंतर धूर सरळ छपरातून निघताना मी डोळ्यांनी पाहिलाय. तक्रार केली. उत्तर आलं, पाहणी केली, सगळं नियमात आहे. पाहणी कधी? भर दुपारी बाराला!

माझा मामेभाऊ अशाच भट्टीवर कामाला आहे, त्याची चूल त्यावर पेटते, हे मला कोणी सांगायला नको. पण भट्टी बंद करा असं म्हणतंय कोण? फिल्टर चालवा म्हणतोय.

आणि वरून तरी काय शिकायचं? कोळशावरच्या औष्णिक वीज केंद्रांनी सल्फर डायऑक्साइड, म्हणजे कोळशातलं गंधक जळून होणारा वायू, कमी करावा, हा नियम 2015 चा. मुदत 2017 ची. मग 2022, मग आणखी पुढे, आणि जुलै 2025 मध्ये सुमारे 78 टक्के केंद्रांना हा वायू धुरातून काढणारं यंत्र बसवण्यातून सूटच! आपल्या कोळशात गंधक कमी असतं, बरं, मान्य. तिकडे चीनने 2007 नंतरच्या दहा वर्षांत हाच वायू सुमारे 75 टक्क्यांनी घटवला, कोळसा जाळणं न थांबवता. त्याच काळात आपला निम्म्याने वाढला. जमत नाही असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत जालना आहे, लातूर आहे, संभाजीनगर आहे. म्हणजे इथली हवा खराब आहे हे सरकारदरबारी लिहिलेलं आहे. मग माझ्या आईनेच का खाली यायचं?

लिहिता लिहिता रात्र झाली. ती आत जुनी साडी अंथरून बघतेय, किती मावतील. "उन्हात वाळलेली कशी टम्म फुलती तेलात," म्हणाली, "पंख्याखालची फुलती का बघू."

बाज मी अजून जिन्यातच ठेवली आहे.