साहेबांच्या कानामागची सीट

नेत्याचा खास माणूस व्हायचं म्हणताय? व्हा की. आपल्या मराठवाड्यात पाऊस पडो न पडो, खास माणसांचं पीक दरसाल जोरात असतं. फक्त आत शिरताना बाहेर पडायचं दार बघून ठेवा. मी बघितलं नव्हतं. म्हणून सध्या तालुक्याच्या पार टोकाला, संस्थेच्या शाखेत, आठवीला प्रयोग आणि समास शिकवतो. गावात एसटी दोनदा येते, त्यातली एक यायची विसरते.

आधी गाडीत कुठं बसायचं ते शिकून घ्या. साहेब पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी. त्यांच्या बरोबर मागं जी सीट असते ती कानामागची सीट. जरा पुढं वाकलं की कान सापडतो. त्या सीटवर मी सात वर्षं काढली. झेडपीच्या गटात कोण उभा राहणार आणि पंचायत समितीच्या गणात कोणाला बसवायचं, कुणाच्या दहाव्याला साहेबांनी स्वतः जायचं आणि कुठं भैय्यांना पाठवून भागेल, भाषणात तुकोबांचा अभंग टाळ्यांच्या आधी घ्यायचा की नंतर, सगळं त्या सीटवरून ठरायचं. साहेब मला 'सर' म्हणायचे, मी त्यांना 'मालक'. संस्था त्यांची, पगार सरकारचा आणि भाषण माझं, असा तो चोख व्यवहार होता.

लोकांना वाटतं, नेता आणि त्याचा खास माणूस यांचं फाटतं ते टक्क्यावरून, टेंडरवरून, तिकिटावरून. अहो, तसली भांडणं रेस्ट हाऊसवर एका रात्रीत मिटतात. जे मिटत नाही ते वेगळंच असतं. तुमचा सल्ला बरोबर निघतो!

२०१६ चा उन्हाळा आठवा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तो. आमच्या भागात रेल्वेच नाही, तेव्हा साहेबांनी 'स्वखर्चाने' सहा टँकर लावले. स्वखर्चाने हा शब्द बातमीत मीच घातला होता. खर्च कारखान्याचा होता. भैय्यांनी, म्हणजे साहेबांच्या पुतण्यानं, टँकरवर साहेबांचा फोटो लावायचा घाट घातला. आठ फुटी, हात जोडलेला. मी पुढं वाकून म्हणालो, "मालक, टँकर आज ना उद्या बंद पडणार. तेव्हा शिव्या फोटोला बसतील." साहेब हसले. "सर, तुम्ही लई लांबचं बघता."

नवव्या दिवशी एका वाडीच्या अलीकडं टँकरचा पाटा तुटला. पाणी तर आधीच वाटेत गळून गेलेलं. बायका पहाटेपासून घागरी मांडून बसल्या होत्या. त्यातली एक म्हातारी चालत टँकरपाशी आली, रिकामी घागर फोटोखाली ठेवली आणि वर बघून म्हणाली, "हात काय जोडतूस रं, पाणी सोड की." कुणीतरी व्हिडिओ काढला. दिवेलागणीपर्यंत तो जिल्हाभर फिरला.

अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? आजारी पडावं. सासुरवाडीला जावं. फोन विहिरीत टाकावा, नाहीतरी तिच्यात पाणी नसतंच. मी काय केलं? कानामागच्या सीटवरून पुढं वाकलो आणि म्हणालो, "मी म्हणलो होतो."

सात वर्षं तीन शब्दांत संपली. साहेबांनी काच खाली केली. एसी चालू होता, बाहेर बेचाळीसचं ऊन होतं, तरी केली. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, गुरुजी."

सरांचा गुरुजी झाला की समजायचं, बदलीचा कागद टाईप होतोय. दुसऱ्या दिवशी कानामागच्या सीटवर कोण? भैय्या. नवल वाटून घेऊ नका. चुकीचा सल्ला देणारा साहेबांच्या सोबत चुकलेला असतो, दोघं एकमेकांना धरून असतात. बरोबर निघालेला माणूस मात्र साक्षीदार, आणि साक्षीदाराला गाडीत घेऊन कोण फिरतं?

इतिहासाचा आधार हवा असेल तर उदगीरची शीव ओलांडून बिदरला जाऊन या. इराणमधल्या गिलानहून व्यापाराला आलेला महमूद गवान तिथं बहमनींचा वजीर झाला. आपला मुलूखही तेव्हा त्याच राज्यात. त्यानं चार सुभ्यांचे आठ केले (आठ, म्हणजे आपले जिल्हे आहेत तितके) आणि सुभेदाराकडं एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाच्या ताब्यात घेतले. सल्ला सोळा आणे बरोबर, म्हणजे शत्रू किती झाले असतील बघा. त्यांनी गवानच्या शिक्केवाल्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि वर ओरिसाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहून टाकलं. शिक्का माझा, मजकूर माझा नाही, असं म्हातारा सांगत राहिला. सुलतान दारूच्या अमलात होता. १४८१ साली गवानचं मुंडकं उडालं, वर्षभरात सुलतानही गेला, आणि पुढं राज्याचे पाच तुकडे झाले. त्यानं १४७२ मध्ये बांधलेला मदरसा अर्धा का होईना, अजून उभा आहे. तेव्हा तुमच्या बॅगेत साहेबांच्या सहीचे कोरे लेटरहेड असतील तर आजच मोजून घ्या. मी मोजले तेव्हा अकरा कमी भरले होते.

फार जुनं झालं म्हणता? मग दिल्लीला चला. परमेश्वर नारायण हक्सर १९६७ पासून इंदिरा गांधींचे सचिव. बँकांचं राष्ट्रीयीकरण, बांगलादेश, सगळ्यात त्यांचा सल्ला. तिथवर ठीक होतं. पण संजय गांधींच्या मोटार कारखान्याला त्यांनी विरोध केला. बँकांवर बोलावं, युद्धावर बोलावं, घरातल्या पोराच्या गाडीवर बोलू नये, एवढं आमच्याकडं सरपंचाच्या ड्रायव्हरलाही कळतं. १९७३ मध्ये हक्सर त्या खुर्चीतून गेले. पुढं नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, आणि आणीबाणीत, ते त्या पदावर असतानाच, त्यांच्या नातलगांच्या कॅनॉट प्लेसमधल्या दुकानावर छापा पडला. आमच्याकडं आयोग नसतो. आमच्याकडं 'समन्वय समितीचे अध्यक्ष' करतात, हार घालतात, आणि समितीची बैठक कधीच लावत नाहीत.

तेव्हा टिकायचं असेल तर महिन्याला दोन सल्ले चुकीचे द्या. चुकले की साहेबांदेखत कान धरा, त्यांना मोठं वाटतं. बरोबरचा सल्ला द्यायची फारच खाज सुटली तर तो साहेबांनीच मागच्या आठवड्यात सांगितला होता, असं म्हणून द्या. भैय्यांच्या गाडीची, बुटांची, इंग्रजीची तारीफ करा. आणि साहेबांचे जुने दिवस विसरा. त्यांच्या लुनात पेट्रोल तुम्ही घातलं होतं, पहिल्या निवडणुकीत डिपॉझिट भरायला तुमच्या पतपेढीतून उचल घेतली होती, हे पाठ असलं तरी आठवत नाही म्हणा. साहेब स्वतः विसरलेत, तुम्ही काय त्यांच्याहून हुशार?

माझं म्हणाल तर शाखेत बरं चाललंय. परवा समोरच्या पार्टीच्या साहेबांचा फोन आला. आवाजात मध. "सर, तुमच्यासारखा माणूस आमच्याकडं पाहिजे. एक विचारायचं होतं, उन्हाळा तोंडावर आलाय, टँकर लावलालोय, फोटो लावावा का?"

मी वर्गाबाहेर आलो. पोरं कर्मणी प्रयोग लिहीत होती.

"लावा की मालक," म्हणलं, "दोन्ही बाजूंनी लावा."