पहिल्याच पावसात गंजलेली कपाटं

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी मार्च उजाडला की अजून छातीत धडधडतं. केंद्र सरकारच्या गोव्यातल्या एका कार्यालयात मी सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलं. त्यामुळे 'जेम पोर्टल (सरकारी खात्यांच्या खरेदीचा ऑनलाइन बाजार) आलं, सरकारी खरेदीतली दिरंगाई संपली' असं कुणी लिहिलं की हसू येतं.

पोर्टल वाईट नाही हो. 2016 मध्ये जेम आलं, पुढच्या वर्षी डीजीएस अँड डी या केंद्राच्या जुन्या खरेदी खात्याला टाळं लागलं, आणि तीन कोटेशनांचा खेळ (तिन्ही एकाच दुकानातून, लेटरहेड तेवढी वेगळी) बराच आटोक्यात आला. पण वेग आला तो मधल्या टप्प्याला, म्हणजे टेंडर ते ऑर्डर. त्याच्या आधीचं आणि नंतरचं जिथल्या तिथेच.

आधीचं सांगतो. आम्ही लोखंडी कपाटं मागवली. स्पेसिफिकेशन वरच्या कार्यालयातून आलं. तिथे समुद्र नाही. पत्र्याची जाडी होती, रंग होता, कुलूप होतं. खाऱ्या हवेत टिकेल असं कोटिंग हवं, एवढी एक ओळ नव्हती. एल-वनचा, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणाऱ्याचा माल आला. मापं बरोबर, मग नाकारणार कशावर? गणपतीच्या चवथीपर्यंत बिजागऱ्यांतून तांबूस पाणी ओघळायला लागलं. साहेब म्हणाले, "महाग घेतलं असतं तर ऑडिटला काय सांगितलं असतं?" अहो, 2017 च्या वित्तीय नियमावलीतला नियम 144 स्वतःच सांगतो की स्पेसिफिकेशन कार्यालयाच्या गरजेप्रमाणे लिहा. ते वाचतो कोण!

वास्कोपासून दोना पावलापर्यंत बंदर, कस्टम्स, नौदल, सागरविज्ञान संस्था, सगळ्यांना हीच हवा. स्टोअरवाल्यांना एक दिवस एकत्र बसवून किनाऱ्यासाठी सामाईक स्पेसिफिकेशन करायला काय हरकत आहे?

नंतरचं म्हणजे पैसे. माल स्वीकारल्याचा दाखला निघाला की दहा दिवसांत पैसे, ही जेमची अट. म्हणून आमच्याकडे दाखलाच लटकायचा. तपासणी समितीतला एक रजेवर, दुसरा टूरवर. कुंडईचा एक छोटा कारखानदार दर सोमवारी यायचा, "भाई, माल दिलो, पयशे खंय?" मी चहा पाजायचो. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत दिले नाहीत तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असं 2006 चा कायदा म्हणतो. पण ज्याला पुढची ऑर्डर हवी तो व्याज मागेल? तो पुढच्या वेळी दरातच ते धरतो, नाहीतर येतच नाही.

मार्चचं तर बोलूच नका. जूनमध्ये छत गळलं म्हणून मागितलेली ताडपत्री आमच्याकडे निधी लॅप्स होण्याच्या भीतीने मार्चअखेर पोचली.

खरेदी किती दिवसांत झाली हे मोजायचं तर मागणीच्या तारखेपासून पुरवठादाराच्या खात्यात पैसे पडेपर्यंत मोजा. टेंडरचे दिवस मोजून पाठ थोपटून घेणं सोपं आहे.

ती कपाटं भंगारात काढायचे कागद मीच तयार केले. भंगारवाल्यानेही भाव पाडून मागितला. म्हणाला, पत्रा गंजलाय.