दहावं नख

माझी आणि माझ्या पायांची समोरासमोर भेट होऊन बरेच दिवस झाले होते. खाली आहेत एवढं माहीत होतं, चपला घालताना अंदाजाने सापडायचे, पण मध्ये पोट येतं. बोरीबंदर ते ठाणे हे 34 किलोमीटर आगगाडीने 1853 सालीच पार केलं, माझ्या कमरेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर मात्र मला अजून जमलेलं नाही. त्यात मागच्या महिन्यात शुगर बॉर्डरवर निघाली आणि डॉक्टर म्हणाले, "रोज पाय बघत जा." मी म्हटलं, "कुठून?" त्यांना वाटलं मस्करी करतोय.

वर ताकीद दिली की पायाला ब्लेड लावायचं नाही, नखं सरळ रेषेत कापायची, कोपऱ्यात घुसायचं नाही, नाहीतर नख मांसात वाढतं. हे मला सांगायची गरज नव्हती. कॉलेजात असताना असाच एक कोपरा कोरला होता, त्याचं नखुरडं झालं, आणि ठाण्याला उतरताना एका काकांनी नेमका त्याच अंगठ्यावर पाय दिला. तेव्हा मी जो आवाज काढला त्याने दारातली चार माणसं दचकून खाली उतरली, त्यातल्या दोघांना कळव्याला जायचं होतं.

तर रविवारी साडेचारला टब घेतला, कोमट पाणी ओतलं, पाय सोडले. "अहो, तो माझा कपडे भिजवायचा टब आहे!" झालं, पाय बाहेर, दुसरा टब, परत पाणी. दहा-पंधरा मिनिटं भिजले की नखं मऊ पडतात म्हणे. सातव्या मिनिटाला बेल वाजली. कुरिअरवाला. दारापर्यंत ओल्या पायांनी गेलो तर त्याला ओटीपी हवा होता आणि फोन टबाशेजारी. हॉलभर माझी पावलं उमटली, गौरी आल्यासारखी.

मग आईची पितळी वज्री. तळपायाला तेलग्रंथीच नसतात, म्हणून टाचा कोरड्या पडून भेगाळतात, असं वाचलं होतं. माझ्या टाचांचा आवाज ऐकून मुलगी आतून म्हणाली, "बाबा, नारळ खवताय का?"

खरी लढाई नेलकटरची. उजवा पाय डाव्या मांडीवर घेतला, पोट आत ओढलं, श्वास रोखला. जितका वेळ श्वास टिकेल तेवढ्यात एक नख, असा हिशोब. वर चष्मा प्रोग्रेसिव्ह. त्याच्या खालच्या भागातून जवळचं दिसतं, पण वाकलं की पाय येतो नेमका वरच्या भागात आणि अंगठा धूसर. म्हणजे कमरेत वाकायचं आणि हनुवटी मात्र वर करायची, फोटो काढायला उभं केल्यासारखी. अंगठ्याचं नख तर इतकं जाड की नेलकटरच्या तोंडात मावेना. जोर लावला, 'टक्' झालं आणि नख उडालं.

"शोध आधी," आई म्हणाली. "घरात नख पडलं की भांडणं होतात."

"आता आणि काय वेगळं होणारे," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मोबाईलचा टॉर्च लावून रांगलो. सोफ्याखाली दोन तुकडे सापडले, दुसरा कोणाचा ते कोणीच कबूल करेना. या सगळ्यात उरलेली आठ नखं होईपर्यंत बाहेर अंधारलं आणि आईने देवापाशी दिवा लावला.

"दिवेलागण झाली. ठेव ते."

"अगं एकच राहिलंय, करंगळीचं!"

"आजवर राहिलं ना? राहू दे."

रात्री भेगांना कोकमाचं तेल. जांभळी नाक्याहून आणलेला तो घट्ट गोळा, पळीत वितळवून गरम गरम भरायचा. बोटांच्या बेचक्यात नाही हं, तिथे ओलावा राहिला की चिखल्या होतात आणि पावसाळ्यात स्टेशनबाहेरच्या पाण्यातून गेल्यावर त्या तशाही होतातच. वरून सुती मोजे. ते घालून बाथरूमला निघालो तो टाइल्सवरून थेट फ्रिजपर्यंत गेलो. थांबायचं माझ्या हातात नव्हतं, फ्रिजच्या होतं.

राहता राहिली करंगळी. सोमवारी घरी यायला नऊ वाजले. मंगळवारी नखं कापत नाहीत. बुधवारी परत नऊ. गुरुवारी नाही, शनिवारी तर नाहीच, शुक्रवारी लोकल लेट. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, हाताच्या निम्म्याने, त्यामुळे घाई अशी नाही, पण मोजा मात्र त्याच जागी फाटला. म्हटलं, रविवारी दुपारीच उरकून टाकतो, भर उन्हात, बाल्कनीत बसून.

आईने चष्मा लावला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं.

"एकादशी आहे."