क्लार्कशिपनंतर कोर्टात उभं कोण करणार?

२० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. १९९३ मध्ये आलेली ही अट २००२ मध्ये काढली गेली होती. ती पुन्हा आल्यापासून पुण्या-नागपुरातल्या माझ्या वकील मित्रमैत्रिणींमध्ये वाद पेटला आहे. पदवीनंतर थेट परीक्षेला बसणाऱ्या मुलींचं काय, ज्यांच्या घरात कुणी वकील नाही त्यांनी तीन वर्षं कुणाच्या जिवावर काढायची, हे प्रश्न रास्तच आहेत. पण तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने त्याच निकालात आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क, म्हणजे कायद्याचा पदवीधर मदतनीस, म्हणून केलेलं कामही या तीन वर्षांत धरलं जाणार आहे.

मी मुंबई उच्च न्यायालयात ज्युनिअर होते. आता न्यू जर्सीत वकिली करते आणि क्लार्कशिप संपवून आमच्या फर्ममध्ये येऊ पाहणाऱ्यांच्या मुलाखती घेते. त्यामुळे क्लार्कशिपनंतर माणूस कुठे जातो आणि का जातो, हे मला रोज जवळून दिसतं.

अमेरिकेत ही प्रथा जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयात आल्यावर न्यायाधीश होरेस ग्रे यांनी १८८२ मध्ये स्वतःच्या खिशातून पगार देऊन कायद्याचा ताजा पदवीधर मदतीला ठेवला, तिथून ती रुजली. आज आमच्या राज्यात सुपीरिअर कोर्टाच्या (जिथे खटले चालतात त्या राज्य न्यायालयाच्या) जवळपास प्रत्येक न्यायाधीशाकडे वर्षभरासाठी एक क्लार्क असतो. दोन्ही बाजूंचे अर्ज वाचायचे, टिपण काढायचं, निकालाचा कच्चा मसुदा करायचा. कोणता युक्तिवाद न्यायाधीशाला पटतो आणि कोणता ऐकताना ते घड्याळाकडे बघतात, हे वकिलाला एरवी दहा वर्षांत कळतं. क्लार्कला ते वर्षभरात कळतं. (नातेवाईक नेहमी विचारतात म्हणून सांगते: स्टुडंट व्हिसावरच्या भारतीय विद्यार्थ्याला इथे फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयाच्या, न्यायाधीशाकडे पगारी क्लार्क होता येत नाही.)

ते वर्ष संपलं की मोठ्या फर्म बोलावतात. तिथे नवख्याचा पगार वर्षाला २,२५,००० डॉलर. क्लार्कशिपचं वर्ष अनुभवात धरतात, वर बोनस देतात. सर्वोच्च न्यायालयाच्या क्लार्कला तर काही फर्मनी पाच लाख डॉलरपर्यंत बोनस दिला आहे. दुसऱ्या बाजूला डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असतं. दहा वर्षं सार्वजनिक सेवेत राहून १२० हप्ते भरले तर उरलेलं फेडरल कर्ज माफ होतं आणि क्लार्कशिपचे महिनेही त्यात मोजले जातात. मात्र खासगी फर्ममध्ये गेल्यावर ही मोजणी थांबते. पंचविशी-तिशीतल्या माणसाने पगाराचा आकडा बघितला, तर मी त्याला लोभी म्हणणार नाही.

मला वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. वर्षभर रोज कोर्ट बघितलेल्या माणसाला ती फर्म दस्तऐवज चाळायला बसवते. वर्षाला दोन हजारांच्या आसपास बिलाचे तास भरायचे आणि कोर्टात बोलणार तो पार्टनर. फेडरल न्यायालयांतल्या दिवाणी दाव्यांपैकी शंभरात एखादासुद्धा सुनावणीच्या शेवटापर्यंत जात नाही, म्हणजे उभं राहायची संधी मुळातच कमी. ब्रुकलिनचे न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांना ही गोष्ट इतकी खटकली की ज्या तरुण वकिलाने अर्ज लिहिला त्यालाच बोलू द्या, असं आवाहन त्यांनी २०१७ मध्ये आपल्या कोर्टापुरतं लेखी नियमातच घातलं. तेव्हा ते नव्वदी ओलांडलेले होते.

म्हणून क्लार्क मला विचारतात तेव्हा मी फर्मच्या नावाबद्दल बोलत नाही. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या वकिलाला गाठा, म्हणते. गेल्या वर्षी स्वतः किती अर्जांवर बोललास? साक्षीदाराची जबानी घेतलीस का? अशिलाचा फोन तुला येतो की तुझ्या साहेबांना? उत्तर देताना तो अडखळला तर समजून घ्या. आणि ज्या फर्मशी बोलणी चालू आहेत तिच्या खटल्याला क्लार्क असेपर्यंत हात लावायचा नाही, हे न्यायाधीशांना आधी सांगा. इथे ही शिस्त कडक आहे. सर्वोच्च न्यायालयाचा माजी क्लार्क तर दोन वर्षं त्या न्यायालयातल्या कुठल्याही प्रकरणात भाग घेऊ शकत नाही. आपल्याकडे क्लार्कचं काम तीन वर्षांत धरायचं असेल, तर हा दंडकही तितकाच ठळक असायला हवा.

आता घरचं. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या लॉ क्लार्कला २०२५ मध्ये महिन्याला ८०,००० रुपये मिळायचे. ते संपवून मुलगी मुंबईत आली की एका हाताला लोअर परळची फर्म, जिथे बहुतेक काम कंपन्यांच्या करारांचं. दुसऱ्या हाताला फोर्टातलं सीनिअरचं चेंबर, जिथे मॅटर मिळतील, पुकारा झाल्यावर धावत जाऊन उभं राहता येईल, पण महिनाअखेर हातात काय पडेल ते सांगता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, बंधनकारक केलं नाही. मग चेंबर निवडते ती, जिच्या वडिलांचं फोर्टात ऑफिस आहे किंवा दादरला घर आहे. सोलापूरहून आलेली मुलगी फर्म निवडते, आणि खटल्याच्या कोर्टात वाढू शकली असती अशी वकील आपण गमावतो. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, त्यामुळे तिला घराजवळ काम मिळण्याची शक्यता पहिल्यांदाच तयार झाली आहे. पण तिथल्या चेंबरांनीही ज्युनिअरला फुकट राबवायचीच रीत धरली, तर तिच्यासाठी काहीच बदललेलं नसेल.

तीन वर्षांच्या अटीला माझा विरोध नाही. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणाऱ्याने आधी समोर उभं राहून तारखा आणि बोलणी खाल्लेली असावीत, हे मला मनापासून पटतं. पण या अनुभवाचं प्रमाणपत्र किमान दहा वर्षं वकिली केलेला वकील देणार आणि जिल्ह्याचे प्रधान न्यायिक अधिकारी त्यावर शिक्कामोर्तब करणार. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने त्या कागदावर आणखी दोन रकाने मागावेत: या ज्युनिअरला तीन वर्षांत दरमहा किती पैसे दिले, आणि तिने स्वतः किती वेळा युक्तिवाद केला.